एकच शार्क भिंतीतून मोठा आणि बोगद्यातून लहान, हे कसं?

भिंगवाला

तीस वर्षं चष्मे करतोय. त्यामुळे कुठेही काच दिसली की मी आधी काच बघतो, मग पलीकडचं. मागच्या आठवड्यात बायको, लेक आणि सहा वर्षांच्या नातीबरोबर एका मोठ्या मत्स्यालयात गेलो होतो. तिथला मुख्य टँक दोन बाजूंनी बघता येतो. आधी एक अवाढव्य सपाट भिंत लागते आणि पुढे त्याच पाण्यातून जाणारा कमानीचा बोगदा.

भिंतीपाशी नात नाक चिकटवून उभी होती. समोरून एक सँड टायगर शार्क गेला. तोंड अर्धवट उघडं, दात वेडेवाकडे बाहेर, आणि पाठीवरच्या पहिल्या पराला मागच्या बाजूने एक खाच, कुणी पंच मारल्यासारखी. चांगलाच दांडगा वाटला. पोरगी दोन पावलं मागे सरकली.

दहा मिनिटांनी बोगद्यात शिरलो, तर तोच डोक्यावरून गेला. तोच म्हणतो, कारण खाच तीच. पण आता तो लहान आणि शिडशिडीत दिसत होता. नात म्हणाली, "आजोबा, हे त्याचं बाळ आहे." मी खाच दाखवली, तिला काही पटलं नाही. खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांनाही पटत नव्हतं.

सपाट काचेचं गणित मला येतं. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) १.३३, म्हणजे पाण्यातली वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊण अंतरावर भासते आणि म्हणून मोठी वाटते. पण बोगद्यातही पाणी तेच, काच तीच, मग फरक का? जाडीमुळे?

आणखी एक. बायकोला बोगद्यात गरगरलं. पहिल्यांदा प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच भिंगात लांबचा आणि जवळचा नंबर) लावून जिना उतरणाऱ्या गिऱ्हाइकाचा चेहरा जसा होतो, अगदी तसा झाला होता. इतरांनाही असं होतं का?

पाणबुड्या_पाच

भिंतीबद्दल तुमचं बरोबर आहे. आम्ही डायव्हिंगचा मास्क लावतो तीही सपाट काचच. पहिल्या डाइव्हला मी दोरी धरायला हात पुढे केला आणि मूठ रिकामीच मिटली, कारण दोरी वाटत होती त्याहून लांब होती. नवख्यांनी वर येऊन सांगितलेल्या माशांच्या लांबीतून आम्ही सरळ पाव हिस्सा वजा करतो. समुद्रात व्हेल शार्क मोजणारेसुद्धा डोळ्यांवर विसंबत नाहीत. ठरावीक अंतरावर बसवलेल्या दोन समांतर लेझरचे ठिपके त्याच्या अंगावर पाडून फोटो काढतात आणि त्या ठिपक्यांवरून लांबी काढतात.

आणि नात नाक चिकटवून उभी होती ना? मग तिला सगळ्यात मोठा दिसला. डोळा काचेला टेकलेला असेल तर जवळपास तिसरा हिस्सा मोठं दिसतं. तुम्ही जितके मागे जाल तितकी ही वाढ कमी होते.

बोगद्याचं मात्र मला माहीत नाही.

काचेपलीकडे

काका, मी चार वर्षं एका मत्स्यालयात स्वयंसेवक होते. बोगद्यात उभं राहून माणसांना पुढे सरकवणं हेच माझं मुख्य काम, त्यामुळे तुमचा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकलाय. प्रत्येक वेळी "बाळ आहे" असंच ऐकलंय.

जाडीचा संबंध फार थोडा. कारण आहे गोलाई. तुम्ही कमानीच्या साधारण मध्यावर उभे असता. वक्र बाजूने येणारा किरण काचेला जवळजवळ काटकोनात भेटतो, म्हणून वळत नाही, म्हणून त्या दिशेने काहीच मोठं होत नाही. पण बोगद्याच्या लांबीच्या दिशेने पृष्ठभाग सरळच असतो. त्या दिशेने तुमच्या भिंतीसारखंच थोडं फुगतं. म्हणजे शार्क बोगद्याला समांतर जात असेल तर लांब आणि बारीक दिसतो, आणि आडवा ओलांडत असेल तर आखूड आणि जाडा. शिवाय तो भासतो जवळ. जवळ असून मोठा नाही, म्हणजे लहानच असणार, असा हिशेब मेंदू परस्पर करून टाकतो.

गरगरणं नेहमीचंच. डोकं वळवलं की सगळं चित्र ताणतं आणि आवळतं. एकाच जागी थांबून एकाच माशावर नजर ठेवली की बरं वाटतं. पण खाली सरकता पट्टा असला की तेही जमत नाही.

भिंगवाला

थांबा थांबा. एका अक्षात नंबर आणि काटकोनातल्या अक्षात नाही? अहो, हा तर चष्म्यातला सिलिंडर! त्या बोगद्याला सिलिंडर नंबर आहे! रोज दहा लोकांना समजावून सांगतो आणि स्वतः आत उभा राहून ओळखता आला नाही. आमच्याकडे चुकीच्या अक्षावर सिलिंडर बसवला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येऊन म्हणतं, दाराची चौकट तिरकी दिसते. बायकोचं गरगरणं त्याच जातीचं.

जाडीचा विषय निघालाच आहे तर विचारतो. एवढी जाड काच हिरवी कशी पडत नाही?

काचेपलीकडे

काच नसतेच ना ती! साधी काच एवढी जाड केली तर आतल्या लोहामुळे हिरवीगार दिसेल, आणि वजन दुपटीहून जास्त. ॲक्रिलिकचे, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचे, थर एकमेकांवर असे जोडतात की सांधा दिसत नाही. जपानमधल्या ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयात २००२ साली जो मोठा टँक सुरू झाला, त्याची खिडकी २२.५ मीटर रुंद, ८.२ मीटर उंच आणि ६० सेंटिमीटर जाड आहे. मागे ७५ लाख लीटर पाणी आणि त्यात व्हेल शार्क. हातभर जाडीतून बघतोय हे लक्षातही येत नाही.

पण ॲक्रिलिकवर ओरखडे लवकर पडतात, हे तुम्हाला प्लास्टिकच्या भिंगांमुळे माहीत असेलच. गंमत अशी की पाण्याच्या बाजूचा ओरखडा पाण्याने भरतो आणि फिका पडतो. लोकांच्या बाजूचा तेवढाच ओरखडा मात्र लख्ख चमकतो. आमच्याकडे सगळ्यात वाईट ओरखडे अंगठ्यांचे आणि पट्ट्याच्या बक्कलांचे होते. नेमके मुलांच्या आणि मोठ्यांच्या कमरेच्या उंचीवर, दोन रांगांत.

दुडकीचाल

तुम्ही सगळे काचच बघून आलात का? माशांचं काय?

भिंगवाला

बघितले की! पण माझ्या पद्धतीने, डोळे बघितले. माशाचं भिंग आपल्यासारखं चपटं नसतं, गोटीसारखं गोल असतं. आपल्या डोळ्यात बराचसा प्रकाश बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यापाशीच वळतो. पाण्यात त्या पडद्याचं काम जवळजवळ संपतं, मग सगळी मेहनत भिंगाला करावी लागते. आणि जवळचं बघायचं की लांबचं, हे तो भिंगाचा आकार बदलून नाही ठरवत, भिंगच पुढेमागे सरकवतो. कॅमेऱ्यासारखं.

तिथे आर्चरफिश होता. बोटभर लांबीचा, अंगावर काळे पट्टे, पाण्याच्या वरच्या थरात तोंड वर करून बसलेला. कर्मचाऱ्याने वरच्या पानावर किडा ठेवला, आणि याने तोंडातून पाण्याची बारीक पिचकारी मारून तो पाडला. पहिल्याच फटक्यात. आता विचार करा, तो पाण्यातून हवेत बघतोय, म्हणजे किडा त्याला जिथे दिसतो तिथे तो नाहीच. अपवर्तनाची ती चूक भरून काढून नेम धरतो. मला यासाठी कागद-पेन लागतं.

नातीला अर्थात पाकट, तो पसरट मासा, आवडली. ती काचेवर पोट घासत वर गेली तेव्हा नात म्हणाली, "हसतेय!" ते डोळे वाटतात त्या नाकपुड्या असतात, खरे डोळे पाठीवर, हे मी सांगितलं नाही. शार्कवरून आधीच एकदा हरलो होतो.

काचेपलीकडे

सांगितलं नाहीत ते बरं केलंत, मला त्याबद्दल एका चार वर्षांच्या मुलाने खोटारडी म्हटलंय.

डोळेच बघायचे तर पुढच्या वेळी दोन ठिकाणी थांबा. एक, कटलफिश, ऑक्टोपसच्या नात्यातला. बाहुली डब्ल्यूच्या आकाराची. त्याला रंग दिसत नाहीत, तरी अंगाचा रंग आजूबाजूला जुळवून घेतो. दुसरं, कुठे ॲनाब्लेप्स ठेवला असेल तर. 'चार डोळ्यांचा मासा' म्हणतात, असतात दोनच, पण प्रत्येक डोळा पाण्याच्या रेषेवर आडवा विभागलेला. वरचा भाग हवेतलं बघतो, खालचा पाण्यातलं. एकच अंडाकृती भिंग दोन्हीकडे पुरतं.

भिंगवाला

बायफोकल! जन्मजात!

पाणबुड्या_पाच

स्कॅलप शिंपला विसरू नका. काठाने बारीक निळसर डोळ्यांची रांग, काही जातींत दोनशेपर्यंत. त्या प्रत्येक डोळ्यात मागे आरसा असतो आणि प्रतिमा जुळवायचं मुख्य काम तो आरसाच करतो. मत्स्यालयात लोक दगड समजून पुढे जातात.

फोटोसाठी एक सांगतो, फ्लॅश बंद करा आणि मोबाइलची लेन्स काचेला अगदी सरळ टेकवा. तिरकं धरलं की मासा चेपलेला येतो आणि कडांना रंगाची झालर लागते.

भिंगवाला

काल परत जाऊन आलो. एकटा नाही, बायकोही होती. बोगद्यात मधोमध उभा राहिलो आणि खाचवाल्याची वाट बघितली. वीस मिनिटं लागली. आधी लांबीने गेला, काठीसारखा. मग वळून आडवा ओलांडला, तर खरंच आखूड आणि पोटाशी जाड. अंगठा समोर धरून मोजलं, मागच्या रांगेतली माणसं माझ्याकडे बघत होती.

घरी येऊन नातीला सगळं सांगितलं तर तिने उलटा प्रश्न टाकला. शार्कला आपण कसे दिसतो? रात्री वहीत किरण काढून बघितले. सपाट भिंतीमागे तो असेल तर आपण त्याला आहोत त्यापेक्षा दूर आणि लहान दिसतो. बोगद्यात मात्र उंची जास्त आवळली जाते आणि रुंदी कमी, म्हणजे माणूस बुटका आणि जाडा.

बायको आतून म्हणाली, "तरी मी सांगत होते, मला त्या बोगद्यात नेऊ नका."