परिसंस्थेच्या अभ्यासात पुंजभौतिकीचे (क्वांटम भौतिकीचे) नेमके काय उपयोगी पडते?

पाणकणीस (प्रश्न)

नमस्कार. माझी पदवी भौतिकशास्त्रातली असून सध्या मी परिस्थितिविज्ञानात (इकॉलॉजीत) पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. चर्चासत्रासाठी वाचन करताना एकाच धाटणीची विधाने पुन्हा पुन्हा समोर येतात: परिसंस्थेतील सर्व सजीव क्वांटम कणांप्रमाणे एकमेकांत ‘गुंतलेले’ असतात, निरीक्षकाला निरीक्षणापासून वेगळे काढता येत नाही, हे भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गने 1927 मध्येच दाखवून दिले आहे, आणि पाहणी होईपर्यंत एखादी प्रजाती एखाद्या अधिवासात ‘आहे’ आणि ‘नाही’ अशा दोन्ही अवस्थांत असते. हे वाचायला आकर्षक वाटते, परंतु त्यातून मोजता येण्याजोगे काय हाती लागते, ते मला उमगलेले नाही. हे सारे केवळ रूपक आहे, की पुंजभौतिकीतील एखादी कल्पना परिस्थितिविज्ञानात खरोखर कामी आली आहे?

टिटवी

आपण उल्लेखिलेल्या तीन विधानांपैकी निरीक्षकाविषयीचे विधान मला, प्रत्यक्ष क्षेत्रात काम करणारी म्हणून, सर्वांत जास्त खटकते. निरीक्षणाने प्राण्यांचे जीवन बदलते हे खरेच आहे. दक्षिण हिंदी महासागरातील क्रोझे द्वीपसमूहातील किंग पेंग्विनांवर दहा वर्षे चाललेला आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास यासंदर्भात पाहावा. त्यात सर्व पक्ष्यांच्या त्वचेखाली ओळख पटवणारी सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक चकती (चिप) बसवलेली होती आणि त्यांपैकी निम्म्यांच्या वल्ह्यासारख्या पंखावर धातूची ओळखपट्टीही होती; पट्टी असलेल्या पक्ष्यांना 39 टक्के कमी पिल्ले झाली आणि त्यांचे जगण्याचे प्रमाणही 16 टक्क्यांनी घटले. म्हणजे ज्या पट्टीच्या आधारे आपण त्यांच्या संख्येचा अंदाज बांधत होतो, तीच त्यांची संख्या कमी करत होती. परंतु याचा हायझेनबर्गशी काही संबंध नाही. पट्टी काढून टाकली आणि चकतीवर काम भागवले, तर हा दोष दूर होतो. हायझेनबर्गच्या अनिश्चिततेच्या तत्त्वाने (कणाचे स्थान आणि संवेग एकाच वेळी हवे तितके अचूक ठरवता येत नाहीत) घातलेली मर्यादा उपकरण कितीही सुधारले तरी हटत नाही, कारण ती उपकरणाच्या ओबडधोबडपणातून आलेलीच नसते.

‘आहे आणि नाही’ या विधानाचेही तसेच आहे. डबक्यात बेडूक असूनही तो पाहणीत न सापडण्याची शक्यता आम्ही नेहमी हिशेबात धरतो आणि 2002 पासून त्यासाठी चांगली संख्याशास्त्रीय प्रारूपे उपलब्ध आहेत. ती पूर्णपणे साध्या संभाव्यतेवर चालतात. बेडूक तिथे असतो किंवा नसतो. अनिश्चितता आपल्या माहितीत असते, बेडकात नव्हे. दोन अवस्थांमध्ये व्यतिकरण (तरंगांप्रमाणे एकमेकींना वाढवणे किंवा खोडणे) दिसल्याखेरीज अध्यारोपणाची, म्हणजे एकाच वेळी दोन्ही अवस्थांत असण्याची, भाषा वापरणे मला उचित वाटत नाही.

सीमारेषा

टिटवी यांच्याशी मी सहमत आहे, मात्र गणिताच्या अंगाने पाहिल्यास चित्र बरेच वेगळे दिसते. समजा, एका अरुंद पट्ट्यातच एखादी प्रजाती वाढू शकते आणि पट्ट्याबाहेर पडलेला जीव तत्काळ मरतो. आतील वाढीचा दर r आणि इतस्ततः पसरण्याचा विसरणगुणांक D मानल्यास पट्ट्याची रुंदी π√(D/r) पेक्षा कमी असताना ती प्रजाती तिथे टिकूच शकत नाही, कारण जन्माने पडणाऱ्या भरीपेक्षा कडेने होणारी गळती जास्त असते. हा निष्कर्ष स्केलम यांनी 1951 मध्ये आणि कीरस्टेड व स्लोबोडकिन यांनी 1953 मध्ये, नंतरच्या जोडीने वनस्पतिप्लवकांच्या (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींच्या) संदर्भात, मांडला. आता आपले पदवीचे पुस्तक उघडून ‘पेटीतील कण’ (अभेद्य भिंतींमध्ये कोंडलेला कण) हे प्रकरण काढा. समीकरणाचा अवकाशाशी संबंधित भाग तोच आहे, सीमेवरील अटी त्याच आहेत, आणि सीमांत रुंदीच्या पट्ट्यातील घनतेचा आकार म्हणजे त्या कणाच्या सर्वांत खालच्या ऊर्जापातळीचे तरंगफलन आहे.

आकडे घालून पाहू. D वर्षाला 1 चौरस किलोमीटर आणि r वर्षाला 0.25 धरल्यास किमान रुंदी सुमारे 6.3 किलोमीटर येते. विसरणगुणांक चौपट केला, तर ती दुपटीने वाढते. अधिक भटकणाऱ्या प्रजातीला अधिक मोठा पट्टा लागतो, ही गोष्ट प्रथम ऐकताना उलटी वाटते.

पाणकणीस

दोघांचेही आभार. परंतु हे समीकरण उष्णतेच्या वहनातही येते. मग याला पुंजभौतिकीचे योगदान म्हणावे, की दोन शास्त्रांनी एकाच गणिताच्या घरी मुक्काम केला एवढेच म्हणावे?

सीमारेषा

प्रश्न रास्त आहे. पट्ट्याच्या उदाहरणात मी दुसरे उत्तर स्वीकारेन. श्रोडिंगरच्या समीकरणात कालाच्या पदासोबत √−1 असते, त्यामुळे तिथे तरंग आणि व्यतिकरण संभवते. विसरणात ते पद वास्तव असते, त्यामुळे तरंगाऐवजी वाढ किंवा ऱ्हास दिसतो.

मात्र उसनवारीचे खरे उदाहरणही आहे. जड अणुकेंद्रकांच्या ऊर्जापातळ्या एकेक करून काढणे अशक्यप्राय असल्याने भौतिकशास्त्रज्ञ विग्नर यांनी 1950 च्या दशकात यादृच्छिक सारण्यांचा (मॅट्रिक्सचा) मार्ग अवलंबला: तपशील माहीत नसेल, तर सारणीत यदृच्छेने आकडे भरावेत आणि एकंदर वर्तन पाहावे. मूळचे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ असलेले रॉबर्ट मे यांनी 1972 मध्ये याच पठडीतील गणित प्रजातींच्या परस्परसंबंधांना लावले. प्रजातींची संख्या S, त्यांच्यातील संभाव्य जोड्यांपैकी प्रत्यक्ष संबंध असलेल्यांचे प्रमाण C आणि संबंधांची सरासरी तीव्रता σ मानली, तर σ√(SC) हे 1 पेक्षा कमी असतानाच व्यवस्था स्थिर राहते, असे त्यांना आढळले. (तीव्रता मोजण्याचे एकक येथे प्रत्येक प्रजातीच्या स्वनियंत्रणाचा दर हे आहे.) शंभर प्रजाती आणि C = 0.1 असेल, तर σ साधारण 0.32 च्या आत हवी. चारशे प्रजाती असल्या, तर 0.16 च्या आत. विविधता वाढली की स्थैर्य वाढते, या तोवरच्या समजुतीला यामुळे मोठा धक्का बसला.

यातही एक फरक ध्यानात ठेवावा. अणुकेंद्रकाच्या सारण्या सममित असतात (जोडीतील दोन्ही दिशांचे आकडे सारखे), तर भक्षकाचा भक्ष्यावरील परिणाम आणि भक्ष्याचा भक्षकावरील परिणाम यांची चिन्हेच विरुद्ध असतात. पुढे 2012 मध्ये अलेसिना आणि टँग यांनी नेमका हाच धागा धरून दाखवले की, भक्षक-भक्ष्य संबंध व्यवस्थेला अधिक स्थिर करतात. कल्पना उसनी घेतली तरी ती परिसंस्थेच्या मापाने कापून घ्यावी लागली.

टिटवी

एक गोष्ट सुटू नये म्हणून लिहिते. युरोपीय रॉबिन पक्ष्याच्या डोळ्यातील क्रिप्टोक्रोम या प्रथिनात प्रकाशामुळे तयार होणाऱ्या मूलकांच्या (एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूंच्या) जोडीवर त्याचे चुंबकीय होकायंत्र चालत असावे, या मताला बराच प्रायोगिक आधार मिळालेला आहे. तिथे इलेक्ट्रॉनांचे फिरकगुण (स्पिन) अक्षरशः पुंजभौतिकीनुसार वागतात, उपमेपुरते नव्हे. ओल्डेनबर्गमधील प्रयोगात, 2014 मध्ये प्रसिद्ध झाल्याप्रमाणे, शहरी विद्युतचुंबकीय गोंगाटात या पक्ष्यांना दिशा सापडेना. भूसंपर्कित ॲल्युमिनियमच्या आवरणात ठेवल्यावर ती पुन्हा सापडू लागली. स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्यांसाठी हा थेट परिस्थितिविज्ञानाचा विषय आहे.

पाणकणीस

‘गुंतलेपणा’चा भाग मी चर्चासत्रातून वगळत आहे आणि पट्ट्याचे उदाहरण सोडवून दाखवणार आहे. एकच शंका उरते: पट्ट्याबाहेर जीव तत्काळ मरत नसून m या दराने मरत असतील, तर काय होईल?

सीमारेषा

तर अनंत उंच भिंतींच्या पेटीऐवजी मर्यादित खोलीची विहीर घ्यावी. किमान रुंदी 2√(D/r) गुणिले √(m/r) चा व्यस्त टॅन इतकी येते. m अमर्याद वाढवल्यास आधीचे सूत्र परत मिळते. m आणि r समान असल्यास वरच्या उदाहरणातील रुंदी निम्मी होऊन सुमारे 3.1 किलोमीटर उरते. सीमेवर घनता आणि तिचा उतार हे दोन्ही जुळवून घ्या. बाकीचे गणित आपण पदवीला सोडवलेलेच असेल.