नागपुरात उंडी जगेल का?

वेंगुर्ल्याच्या आत्याकडून उंडीच्या सात बिया आणल्या. तिकडे किनाऱ्याच्या वाळूतच झाड उभं. पांढरी फुलं, मधे पिवळे केसर, वास तर विचारूच नका. इथे मानेवाड्यात काळी माती. महिना झाला, एकही उगवली नाही बाप्पा!

उत्तर १: कवच फोडलं का? नाहीतर दोन महिनेही लागतात. हलक्या हाताने फोडा, आतला गर दुखवू नका.

उत्तर २: काळ्या मातीत पाणी साचतं, वाळू मिसळा भाऊ. मे महिन्यातल्या ४५ अंशांत रोपाला हिरवी जाळी पाहिजेच.

मूळ प्रश्नकर्ता: कवच? मी तर तशाच पुरल्या! आत्या काही बोललीच नाही. या बियांचं तेल दिव्यात जाळायचे, एवढंच सांगत बसली. आत्ता चार उकरून फोडल्या. एक सडकी निघाली.