गोवा नुसत्या तोफांनी नाही पडलं

पोर्तुगीजांनी तोफांच्या जोरावर गोवा घेतलं, असं म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. तोफा होत्याच, पण १५१० च्या सुरुवातीला पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कचं आरमार मुळात तांबड्या समुद्राकडे निघालेलं, होन्नावरकडच्या तिमोजा या समुद्री सरदाराने त्याला गाठून सांगितलं की आत्ता गोव्यावर चला, आणि नुसतं सांगून थांबला नाही, स्वतःची माणसं घेऊन सोबत आला. शहर हातात आलं, पण मे महिन्यात विजापूरच्या आदिलशाही फौजेने त्यांना शहरातून हुसकावलं, वर पावसाळा, बाहेर समुद्र खवळलेला, मग ऑगस्टपर्यंत जहाजं मांडवी नदीतच अडकून पडली आणि लोकांचे खायचे हाल झाले. तोफा तेव्हाही होत्याच ना? शहर परत घेतलं ते २५ नोव्हेंबरला.

अजून एक, घोड्यांबद्दलही बोलायला हवं. अरबी घोडे समुद्रमार्गे गोव्यात उतरायचे आणि विजयनगर, विजापूर दोघांनाही लढायला तेच हवे असायचे, म्हणजे बंदर ज्याच्या हातात त्याच्याशी दोघांनाही जमवून घेणं भाग. माझ्या मते गोव्याची खरी किंमत तिथे होती. तिमोजाला वाटलं होतं शहर आपल्याकडे सोपवतील, पण अल्बुकर्कने ते स्वतःकडेच ठेवलं.