पोच घेतली का? गल्लीची गाऱ्हाणी आणि वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या (अनुभव धागा)

लेथवाल्याचा पोरगा
काल दुपारी गल्लीत ड्रेनेजची माणसं आली होती. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या दारासमोर चेंबर आहे. त्याचं झाकण पहारीनं उचकटून त्यांनी रस्त्यावर पालथं टाकलं. मी चहा घेऊन गेलो तर त्यातला एक पोरगा विचारतोय, "काका, ह्याच्यावर काय लिवलंय ओ?" खालच्या अंगाला गंजातनं अक्षरं दिसत होती, तीही आरशात बघितल्यासारखी उलटी. घरात येऊन आरसा घेऊन परत गेलो. वाचलं. "अर्ज क्र. १७".

हसू आवरंना. आमचे अण्णा उद्यमनगरात लेथवर होते. ९६ च्या पावसाळ्यात ह्या चेंबरचं झाकण गेलं, म्हणजे भंगारात गेलं. गल्लीनं त्यात बाभळीची फांदी रोवली. एक शाळकरी पोरगी आणि दूधवाल्याची सायकल, दोघंही त्यात जाऊन आली. अण्णा शिफ्ट सुटली की हात धुऊन फुलस्केपवर कार्बन घालून अर्ज लिहायचे. दोन वर्षांत १६ अर्ज. प्रत्येकाची पोच, शिक्क्यासकट, अजून फाईलीत आहे. उत्तर आलं तर एकच, "निधी उपलब्ध होताच."

सतरावा अर्ज त्यांनी लिहिलाच नाही. फौंड्रीतल्या मोल्डर मित्राला सांगून झाकण ओतून घेतलं. रविवारी सकाळी नारळ फोडून बसवलं. त्या गड्यानं वाळूच्या साच्यात अक्षरं सरळ कोरली, म्हणून ओतल्यावर उलटी आली. आणि आठ दिवसांत नोटीस! "विनापरवाना झाकण बसविल्याबाबत लेखी खुलासा करावा." अण्णांनी खुलासा केला, दोन प्रतींत, पोच घेऊन. त्यावर आजतागायत काही नाही. झाकण आहे.

अण्णा आता ८२. तुमचे अनुभव लिहा. अट एकच, ऑफिसचं, साहेबाचं, नगरसेवकाचं नाव टाकू नका. भांडण इथं नको, ते गल्लीत आहेच.

तिकटीवरचा
अर्ज क्र. १७ !!! नाद खुळा. अण्णांना दंडवत. फोटो टाक की भावा

लेथवाल्याचा पोरगा
आरसा ठेवून फोन घेऊन येईस्तवर झाकण परत बसलं होतं. काम सहा मिनिटांत उरकलं त्यांनी. ते एक नवलच.

भडंग_कांदा
आमच्याकडं पाण्याचं. साहेब, इंजिनिअर ही सगळी नावाला. चावीवाला, म्हणजे गल्लीचा पाण्याचा व्हॉल्व सोडणारा, हाच देव.
गल्लीच्या शेवटाला घर, नळाला करंगळीएवढी धार. अर्ज दिला. पाहणीला साहेब आले दुपारी तीनला. पाणी पहाटे येतंय. नळ सोडून बघितला आणि म्हणाले, पाणी नाही हे खरं आहे. गेले.
मग सासूबाईंना घेऊन मी स्वतः गेलो चावीवाल्याकडं. वयस्कर माणूस, सायकलच्या दांडीला ती मोठी चावी बांधलेली. त्यानं नीट सांगितलं. म्हणाला वहिनी, मी आटे दहा सोडतो. चौदा सोडले तर तुम्हाला येईल, पण वरच्या गल्लीतली बाई उद्या तुमच्यासारखीच माझ्याकडं येईल. तीही सासूला घेऊनच येते.
तवा कळलं. आता आम्ही आणि वरची गल्ली वार लावून घेतलेत. लिहून कुठं नाही.

सदाशिव_ते_शुक्रवार
एक शंका. तुम्ही सासूबाई म्हणताय आणि "मी गेलो" पण म्हणताय. टायपिंगची चूक का?

भडंग_कांदा
चूक कसली. कोल्हापुरात बायका गेलो आलोच म्हणतात. "गेले" म्हणणारी पाहुणी असती

तिकटीवरचा
पुण्यातनं आलाय वाटतं. बसा. मिसळीचा कट घेणार का

रंकाळ्याची_मावशी
आमच्या गल्लीत खांबावरचा दिवा तीन महिने बंद आहे. कुणाला सांगायचं असतं?

हद्दीवरचा
आमची कॉलनी बरोब्बर हद्दीवर. रस्त्याच्या ह्या अंगाला ग्रामपंचायत, त्या अंगाला महापालिका. ७२ साली महापालिका झाली, तवापासून हद्दवाढ नुसती चर्चेत. मोर्चा हद्दवाढ पाहिजे म्हणणाऱ्यांचाही निघतो आणि नको म्हणणाऱ्यांचाही. मी दोन्हीत गेलोय, एकदा मित्रासोबत, एकदा मेव्हण्यासोबत.
तर रस्त्यात कुत्रं मेलं. मधोमध. पंचायतीला फोन केला, म्हणाले डोकं कुठल्या बाजूला आहे? मला वाटलं चेष्टा करतोय. नव्हता करत. दुसरीकडं फोन केला तर म्हणाले तुमच्याकडं घरफाळा (घरपट्टी) कुणाचा? मी म्हटलं माझा पंचायतीत, कुत्र्याचा माहीत नाही.
तिसऱ्या दिवशी पोरांनी खड्डा काढून पुरलं. कुठल्या बाजूला ते सांगत नाही, परत पत्र यायचं.

सदाशिव_ते_शुक्रवार
डोकं कुठल्या बाजूला!! मीटिंगमध्ये बसून वाचतोय, हसू दाबताना डोळ्यांत पाणी आलं. मी मूळचा कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतलाच हो, वीस वर्षं पुण्यात आहे म्हणून बायकोची भाषा लागली.

भडंग_कांदा
मग आधी सांगायचं नाही का. माफ केलं

मोडका_मनगट
लोकशाही दिन, म्हणजे साहेबांनी तक्रारी ऐकायचा दिवस. महिन्याचा पहिला सोमवार. पंधरा दिवस आधी नमुन्यात अर्ज द्यावा लागतो, दिला. विषय: रस्त्यातला खड्डा. टेबलावरचा म्हणाला, तक्रार वैयक्तिक स्वरूपाची पाहिजे, खड्डा सार्वजनिक आहे.
मी प्लॅस्टरमधला हात टेबलावर ठेवला. म्हटलं खड्डा सार्वजनिक असू दे, हाड वैयक्तिक आहे.
घेतला अर्ज.

तिकटीवरचा
हाड वैयक्तिक आहे. हे टी शर्टवर छापायचं

लेथवाल्याचा पोरगा
खड्डा बुजला का पण?

मोडका_मनगट
हात आधी भरून आला. खड्डा पॅचवर्कमध्ये गेला, आता तिथं उंचवटा आहे. दुसरा हात शिल्लक आहे अजून.

आवक_जावक
नमस्कार. धागा सकाळपासून वाचतो आहे. मी एका ऑफिसात (ह्या नव्हे, पण टेबल सगळीकडे सारखंच) एकतीस वर्षं आवक-जावकला होतो. माझ्या हातून किती पोचा गेल्या असतील त्याला मोजदाद नाही. त्यामुळे दोन गोष्टी पलीकडच्या बाजूने.

अर्ज येतो, त्याला आवक नंबर पडतो, साहेबांपुढे जातो. साहेब कोपऱ्यात विभागाचं नाव लिहून सही करतात. तिथून शाखा अभियंता, मग जागेवर पाहणी, मग अंदाजपत्रक, मग निधी. लोकांना वाटतं अर्ज निधीपाशी अडतो. बहुतेक अर्ज तिथवर पोचतच नाहीत. लोक एकाच अर्जात गटार, दिवा, कचऱ्याचा कोंडाळा, कुत्री आणि शेजाऱ्याचं अतिक्रमण असं सगळं लिहितात. विभाग पाच, कागद एक. तो पहिल्या विभागात जातो, तिथले लोक आपलं एक काम करतात किंवा करत नाहीत आणि कागद तिथेच दफ्तरी जातो. बाकीच्या चार विभागांना तुमचा अर्ज आला होता हेही कळत नाही. म्हणून एका कागदावर एकच गोष्ट लिहा.

दुसरं, जागा. "आमच्या गल्लीतील" असं लिहितात. कुठली गल्ली? पाहणीला जाणारा मुलगा नवा असतो, तो चौकात चहा पिऊन परत येतो आणि "जागा आढळून आली नाही" असा शेरा मारतो. घर नंबर, कुणाच्या दुकानासमोर, दिव्याचं असेल तर खांबाचा नंबर. दोन पानं गल्लीचा इतिहास लिहिलात तरी वाचणारा पहिल्या चार ओळी वाचतो. मीही तेवढ्याच वाचायचो.

आता कबुली. ज्या अर्जाखाली "प्रत माहितीसाठी" म्हणून मुख्यमंत्री, पालकमंत्री, जिल्हाधिकारी आणि सर्व दैनिकांचे संपादक असायचे, तो मी गठ्ठ्यात खाली ठेवायचो. वाटायचं, सात जणांना कळवलंय, कुणीतरी बघेल. उरलेल्या सहा जणांनाही तेच वाटत असणार. हे बरोबर होतं असं आज म्हणत नाही.

एक गृहस्थ मात्र दर मंगळवारी यायचे. हातात काही नाही. साहेबांच्या केबिनसमोरच्या बाकावर बसायचे, डब्यातला शेंगदाणा-गूळ खायचे, मलाही द्यायचे, बारा वाजता जायचे. कुणाला काही बोलले नाहीत. चौथ्या मंगळवारी साहेबांनी मला विचारलं, त्यांचं काय काम आहे? मी अर्ज काढून दिला. आठवड्यात गटार झालं. गटार झाल्यावर ते यायचे थांबले आणि मंगळवारी मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

लेथवाल्याचा पोरगा
काका, तुमच्यासारख्याच एखाद्या टेबलावरनं अण्णांना पोचा मिळाल्या असतील. त्यांना आज हे वाचून दाखवतो.

पेठकर_ज्युनिअर
माहितीच्या अधिकाराचं कुणी लिहीना. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा आणि विचारा, माझ्या अमुक नंबरच्या अर्जावर काय कार्यवाही केली, कुणाच्या टेबलावर किती दिवस होता. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आमचं गटार उत्तर यायच्या आधी झालं. उत्तर नंतर आलं, "काम पूर्ण".

कुंभारवाडा
शाहूपुरीत आहे. आमची तक्रार बारा महिन्यांची नाही, जुलै-ऑगस्टची. जयंती नाल्याचं पाणी मागं फिरलं की आधी आमच्यात. २०१९ ला पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ७ इंच, २१ ला ५६ फूट ३ इंच. इशारा ३९ ला आणि धोका ४३ ला, हे इथल्या पोराला पाढ्याच्या आधी येतं. गणपतीच्या मूर्ती ऐन रंगाला आलेल्या असतात तेव्हा. दरवर्षी मेमध्ये नालासफाईचा अर्ज देतो. गाळ काढतात, काठावरच ठेवतात. पहिल्या पावसात तोच परत नाल्यात. आता अर्जात "गाळ काढून अन्यत्र न्यावा" असं लिहितो. अन्यत्रच्या खाली दोन रेघा मारतो.

तिकटीवरचा
१९ ला आमच्या माळ्यावर तुमच्यातलेच कुणीतरी आठ गणपती ठेवून गेले होते. आजी रोज सगळ्यांना फुलं घालायची

कुंभारवाडा
आमचे नव्हते बहुतेक, पण तुझ्या आजीला नमस्कार सांग.

देणार_नाही
शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरुद्धचं आंदोलन आठवा की राव. एन. डी. पाटील सर त्या वयात पुढं, गोविंद पानसरे, मागं सगळं गाव, तालमीतली पोरं, रिक्षावाले. २०१५ संपता संपता टोल गेला. पानसरे ते बघायला राहिले नाहीत. पण तेच गाव कोपऱ्यावरच्या कोंडाळ्यासाठी चार माणसं जमवू शकत नाही. मी बोलवलं होतं मीटिंगला. मी आणि कचऱ्याचा टिप्परवाला, दोघंच. तो टिप्पर लावायला आला होता.

हद्दीवरचा
पूर्वी नगरसेवक तरी होता. सकाळी सातला दारात जायचं, तो तोंडात ब्रश घेऊनच मुकादमाला फोन लावायचा. २०२० च्या नोव्हेंबरात मुदत संपली आणि पुढं पाच वर्षं कुणीच नव्हतं, नुसता प्रशासक. ढपला (कामातली टक्केवारी) नको म्हणून शिव्या घालत होतो, पण दार वाजवायला घर तरी होतं.

देणार_नाही
तू तर पंचायतीत राहतोस ना? तुला नगरसेवक कुठला?

हद्दीवरचा
समोरच्याचा वापरत होतो.

रंकाळ्याची_मावशी
दिव्याचं कुणी सांगितलं नाही अजून. मुलगी क्लासहून आठला येती.

गंगावेशीतला
सगळंच वाईट लिहू नका. २१ साली वडील गेले, रात्री अडीचला पंचगंगा स्मशानभूमीत. शेणी (गोवऱ्या), लाकूड सगळं तयार, पैसा एक घेत नाहीत आपल्याकडं, माहीत आहेच. तिथला माणूस दोन दिवस घरी गेला नव्हता. चहा घे म्हटलं तर म्हणाला, आधी तुमचं होऊ दे. कुठला अर्ज नाही, वशिला नाही. तेव्हापासून होळीला आमची गल्ली पाचच शेणी पेटवते, बाकीच्या तिकडं पोचवते.

भडंग_कांदा
हे वाचून गप झालो

सदाशिव_ते_शुक्रवार
आईला फोन केला आत्ता. काळम्मावाडी धरणावरच्या थेट पाइपलाइनचं पाणी येतंय का विचारलं. म्हणाली २३ च्या दिवाळीत आलं तेव्हा तूच पुण्यातनं विचारलं होतंस, आणि आज पण तूच. इकडं येऊन नळ सोडून बघ की.

लेथवाल्याचा पोरगा
अण्णांना सगळं वाचून दाखवलं. कुत्र्यापाशी हसले. आवक-जावक काकांचं दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाले, चूक आहे त्यांची, मी प्रत कुणालाच पाठवत नव्हतो, तरी सोळा झाले. काका, रागावू नका.

आणि ते रंकाळ्याच्या मावशींचं विचारतायत. फाईल मागवलीय, चष्मा लावून बसलेत, कार्बन कुठं मिळतो म्हणतायत. मावशी, खांबाचा नंबर काय आहे?

आवक_जावक
रागावलो नाही. सोळा खरंच जास्त झाले. मावशी, नंबर खांबावरच असतो, डोक्याच्या उंचीला रंगानं लिहिलेला.

रंकाळ्याची_मावशी
आत्ता खाली जाऊन आलो. दिवा बंद आहे, अंधारात नंबर दिसंना. सकाळी बघून सांगतो.