जग्वार ई-टाईपचं मागचं सस्पेन्शन: नुसते बुश बदलू की सगळंच उतरवू?

रस्तावेडा:
नमस्कार मंडळी. पुण्याहून कामासाठी कॉव्हेंट्रीत आलो आणि इथल्याच ब्राउन्स लेनच्या जग्वार कारखान्यात बनलेली १९६९ची सिरीज २ ई-टाईप घेतली. ॲक्सिलरेटर सोडला की मागून 'ठक्' आवाज येतो, दाबला की पुन्हा येतो. डावं टायर आतून झिजलंय. डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचं) तेल ब्रेक डिस्कपर्यंत ओघळलंय. इंजिनाचं काम येतं, सस्पेन्शनला कधी हात लावलेला नाही. नुसते बुश (सांध्यांतले लवचीक तुकडे) बदलून भागेल का? आणि ते रबराचे घेऊ की पॉलियुरेथेनचे?

पाना१३:
डिस्कवर तेल आलंय ना, मग पिंजरा, म्हणजे डिफरन्शियल आणि मागचं सस्पेन्शन धरणारी लोखंडी चौकट, खाली उतरवाच. मागचे ब्रेक चाकांपाशी नसून डिफरन्शियलला चिकटून आहेत. गाडीखाली झोपून ऑइल सील बदलायला गेलात तर हात पोचत नाही. मी एका बाजूचं तसं केलं, सहा महिन्यांत दुसरी बाजू गळायला लागली.

आवाजाचं म्हणाल तर आधी क्रॉस, म्हणजे हाफ शाफ्टच्या टोकांचे युनिव्हर्सल जॉइंट, तपासा. या गाडीला वरचा विशबोन (चाकाला आधार देणारा आडवा दांडा) नाहीच. खाली एक विशबोन आणि वर चाक फिरवणारा हाफ शाफ्ट, तोच वरच्या विशबोनचं काम करतो. म्हणून युनिव्हर्सल जॉइंटमध्ये प्ले (ढिलेपणा) आला की आवाज तर येतोच, शिवाय चाकही कलतं. तुमच्या टायरची झीज मला तिथलीच वाटते. चारही क्रॉस एकदम बदला.

उतरवताना प्रोपेलर शाफ्ट, ब्रेकचा होज, हँडब्रेकची केबल, एक्झॉस्ट, अँटी-रोल बारचे लिंक आणि रेडियस आर्म (चाक पुढे-मागे सरकू न देणारे दांडे) सोडवावे लागतात. मग पिंजरा चार रबरी माउंटिंगवरून ट्रॉलीवर घ्यायचा. तो जड आहे, एकट्याने करू नका. हाफ शाफ्ट आणि डिस्कच्या मधले शिम (पातळ चकत्या) डाव्या-उजव्या बाजूच्या वेगळ्या पिशव्यांत ठेवा. हब कॅरियरमधून (चाकाचा हब धरणाऱ्या भागातून) जाणारा खालचा शाफ्ट बहुतेक गंजून अडकलेला असेल. आठवडाभर आधीपासून रोज तेल सोडा, घाईने हातोडा मारलात तर कॅरियरचं ॲल्युमिनियम फुटेल.

ग्रीसवाला:
पाना१३ यांच्याशी सहमत, पण पिंजऱ्याआधी पत्रा बघा. रेडियस आर्म पुढे जिथे बॉडीला जोडतात तिथला फ्लोअर आतून कुजतो. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, आत शिरला तर आधी वेल्डिंग. कुजक्या पत्र्यावर नवं सस्पेन्शन बसवणं धोक्याचं आहे.

बुश रबराचेच घ्या, निदान पिंजऱ्याच्या माउंटिंगला तरी. मी तिथे पॉलियुरेथेन घातलं होतं, डिफरन्शियलचा घूं घूं आवाज थेट केबिनमध्ये यायला लागला. वर्षभराने काढलं. रेडियस आर्मचे रबरी बुश मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

रस्तावेडा:
दोघांचेही मनापासून आभार. स्क्रूड्रायव्हर टोचला. उजवीकडे पत्रा ठणठणीत, डावीकडे दोन बोटं मावतील एवढं भोक पडलं. म्हणजे आधी वेल्डर गाठायचा. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) किती ठेवू?

पाना१३:
उणे पाऊण अंश, म्हणजे चाकाचा वरचा भाग किंचित आत कललेला, पाव अंश इकडेतिकडे चालतो. ०.०२० इंचाच्या एका शिमने साधारण पाव अंश बदलतो. मोजताना गाडीची उंची ठरलेलीच हवी, त्यासाठी मागच्या सस्पेन्शनला सेटिंग लिंक लावतात. दोन पट्ट्यांना भोकं पाडून घरीही होतात. माझ्याकडे आहेत, डावा पत्रा झाला की कळवा, पाठवतो.