शब्दकोशाची साइट हलवायची, पण कुठं?

टिळकवाडीकर: आपला मुक्तस्रोत मराठी-कन्नड शब्दकोश गेल्या वर्षापर्यंत दहाबारा जणच वापरत होते. यंदा शाळा सुरू झाल्या आणि खानापूर-निपाणीकडचे मास्तर व्हॉट्सअॅपवर लिंक फिरवाल्यात. सोमवारी साइट बसली. होस्टिंगवाल्याला फोन लावला तर म्हणतो, तुमचा वापर जास्त झालाय, प्लॅन वाढवा. 'अनलिमिटेड' म्हणून त्यानंच गळ्यात मारलं होतं! माझं मत, सगळं गिटहब पेजेसवर टाकूया, कोड ठेवायच्या त्या साइटचं फुकटचं होस्टिंग. पानं एकदा तयार करून ठेवायची, खर्च शून्य.

निपाणीकर: टाका की, पण आधी हिशोब करा ओ. ऑफलाइन फाइल ६० एमबीची, पेजेसची महिन्याची मर्यादा १०० जीबी. सोळाशे डाउनलोडमध्ये खेळ खल्लास. आणि फुकटाचं काय होतं ते बघितलंय आपण. गिटहबसारख्याच गूगल कोडनं २०१५ मध्ये गाशा गुंडाळतो म्हणून सांगितलं, जानेवारी २०१६ मध्ये कुलूप. सोर्सफोर्ज या तशाच साइटनं तर गिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरच्या विंडोज इन्स्टॉलरला जाहिरातींचं शेपूट लावलं होतं. सरळ व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा स्वतंत्र सर्व्हर, घ्या, वर्गणी काढू.

टिळकवाडीकर: ती फाइल पेजेसवर ठेवायचीच कशाला? गिटहबच्याच रिलीजमध्ये, तयार फाइली ठेवायच्या जागी, टाकायची. तिथं एक फाइल २ जीबीच्या आत हवी, डाउनलोडला मर्यादा नाही. व्हीपीएसचं म्हणाल तर रात्री अडीचला डिस्क भरली की उठणार कोण? तुम्ही? गेल्या आषाढात जांबोटीकडं दोन दिवस लाइट नव्हती. सर्व्हरमधलं कळणारा आपला एकुलता एक माणूस नेमका तिथंच अडकलेला.

खानापूरकर: पेजेसवर शब्द पाठवायचा फॉर्म चालत नाही, हे विसरलात काय? नंदगडच्या एक मावशी रोज पाचसहा शब्द पाठवतात. 'तवसं' म्हणजे काकडी, कन्नडात सौतेकायी, हे त्यांनीच दिलं. ते शब्द डेटाबेसात पडतात, गिटमध्ये नाही. मावशींना काय पुल रिक्वेस्ट काढून गिटहबवर बदल सुचवायला शिकवणार?

टिळकवाडीकर: ह्ये बाकी खरं. तेवढा फॉर्म वेगळा ठेवूया, लहानशा सर्व्हरवर. तो बसला तरी शब्दकोश चालू राहील.

शहापूरची: मला दोघांचंही पटत नाही. पैसे मोजले म्हणून सुटका नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटहबसारख्याच गिटलॅब कंपनीत उशिरापर्यंत जागलेल्या एकानं चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा उडवला. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, ऐनवेळी एकही धड कामाची निघाली नाही. सहा तासांपूर्वी कुणीतरी हातानं काढलेली प्रत सापडली म्हणून निभावलं. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांचा बॅकअप तिथंच होता त्यांचं सगळंच गेलं. होस्ट कुठलाही घ्या, रोजची प्रत दुसरीकडं हवी आणि ती महिन्यातून एकदा उघडून बघायला हवी. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, आपल्या हातात असलं की होस्ट बदलणं दोन तासांचं काम. ते कोणाच्या नावावर आहे?

निपाणीकर: माझ्या चुलतभावाच्या. पैसे त्याच्या कार्डवरून कटतात. तो आता दुबईला असतोय.

शहापूरची: कार्ड चालू आहे ना?

निपाणीकर: गणपतीत आला तेव्हा बदललं म्हणत होता. थांबा, बघालोय.

निपाणीकर: डोमेन १९ तारखेला संपतंय.

खानापूरकर: आज १७ हाय ओ!