पॅक-१२ मोडली ती दुबळी होती म्हणून?

विलामेटकाठची:

परवा मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या इंडियाना-मायामी फायनलचा विषय निघाला. तिळगूळ देता देता एक काका म्हणाले, "तुमच्या पॅक-१२ मध्ये दमच नव्हता, म्हणून मोडली." तिथे गर्दीत नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. हे वाक्य मी गेली अडीच वर्षं ऐकते आहे आणि ते खोटं आहे.

मी कोर्वालिसला, ओरेगन स्टेटमध्ये शिकले. ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी: इथले विद्यापीठांचे संघ कॉन्फरन्स नावाच्या गटांत खेळतात. पश्चिम किनाऱ्यावरचा आमचा गट, पॅक-१२, १९१५ पासूनचा. जून २०२२ अखेर लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए या विद्यापीठांनी बिग टेन या दुसऱ्या गटात जायचं जाहीर केलं. जुलै २०२३ मध्ये कोलोरॅडो बिग ट्वेल्व्ह या आणखी एका गटाकडे गेलं. मग ४ ऑगस्टला एकाच दिवसात ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हकडे. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कले) अटलांटिक किनाऱ्याच्या एसीसी गटात. बारापैकी दोन उरले: ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

आता दमाचं बोलू. त्याच महिन्यात, २३ सप्टेंबरला, हे मागे राहिलेले दोघे वॉशिंग्टन स्टेटच्या गावी, पुलमनला, एकमेकांशी खेळले. दोघेही देशातल्या पहिल्या २५ संघांत होते. वॉशिंग्टन स्टेटने ३८-३५ ने जिंकलं. माझी बाजू हरली तरी त्या सामन्याचं मला आजही कौतुक आहे. त्याच मोसमात वॉशिंग्टनने एकही सामना न हरता पॅक-१२ जिंकली, शुगर बोल या मोसमाअखेरच्या मोठ्या सामन्यात टेक्ससला ३७-३१ ने हरवलं आणि राष्ट्रीय अंतिम सामना गाठला. ज्या वर्षी कॉन्फरन्स मेली त्या वर्षी ती देशातल्या सगळ्यात बळकट गटांपैकी एक होती.

माझं म्हणणं एवढंच: मैदानावरची ताकद आणि टीव्हीवरची किंमत (सामने दाखवायला वाहिन्या किती पैसे देतात) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅक-१२ दुसऱ्या गोष्टीत हरली. "कोणती कॉन्फरन्स बलाढ्य" या वादात आपण दुसरीला पहिलीचं नाव देतो आणि मग जे झालं ते योग्यच झालं असं स्वतःला पटवतो.

अथेन्सकर:

ताई, तळमळ कळली, पण सहमत नाही. मी जॉर्जियात पंधरा वर्षं आहे, अथेन्समध्ये शनिवारी स्टेडियम कसं भरतं ते पाहतो. टीव्हीवरची किंमत आकाशातून पडत नाही. लोक पिढ्यान्‌पिढ्या येतात म्हणून ती येते. २००६ ते २०१२ सलग सात राष्ट्रीय विजेतेपदं आमच्या एसईसी गटाच्या संघांनी घेतली: फ्लोरिडा, एलएसयू (लुइझियाना स्टेट), पुन्हा फ्लोरिडा, अलाबामा, ऑबर्न, मग अलाबामा दोनदा. २०१९ ते २०२२ पुन्हा सलग चार. पॅक-१२ चा एकही संघ २००४ च्या यूएससीनंतर विजेता झाला नाही, आणि तेही विजेतेपद नंतर काढून घेतलं गेलं. एका चांगल्या मोसमावर शंभर वर्षांचा हिशेब मांडता येत नाही.

दुसरं, पॅक-१२ ला कुणी मारलं नाही. स्वतःचं चॅनेल २०१२ मध्ये काढलं आणि ते डायरेक्टटीव्ही या मोठ्या सॅटेलाइट टीव्ही सेवेवर कधी दिसलंच नाही. २०२१ मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा बाहेर पडल्यावर बिग ट्वेल्व्ह कोलमडायला आली होती. तेव्हा तिथले संघ घ्यायची संधी होती, पॅक-१२ ने विस्तार नाकारला. उलट बिग टेन आणि एसीसीशी मैत्रीचा करार केला आणि वर्षही पुरं व्हायच्या आत त्याच बिग टेनने यूएससी, यूसीएलए उचलले. मग बिग ट्वेल्व्हने ऑक्टोबर २०२२ मध्ये आपला टीव्ही करार उरकून घेतला, बातम्यांप्रमाणे दर संघाला वर्षाला सुमारे ३.१७ कोटी डॉलर. पॅक-१२ बसली वाट पाहत, आणि शेवटी हातात काय आलं तर ॲपलच्या स्ट्रीमिंगचा प्रस्ताव, ज्यात कमाई वर्गणीदार किती मिळतात त्यावर. कुठलं विद्यापीठ त्यावर भविष्य टाकेल?

आणि दुसऱ्यांचे संघ पळवण्याचं म्हणाल तर २०११ मध्ये कोलोरॅडो बिग ट्वेल्व्हमधून कुणी नेलं होतं? पॅक-१२ नेच. त्याच्या आदल्या वर्षी टेक्सस आणि ओक्लाहोमाही न्यायचा प्रयत्न होता. तेव्हा नेब्रास्का-ओक्लाहोमासारखी जुनी चुरस तुटली, त्याचं दुःख पश्चिम किनाऱ्यावर कुणाला झालेलं मी ऐकलं नाही.

आकडेमोड:

दोघांनाही एक प्रश्न. "कॉन्फरन्सची ताकद" मोजता कशी?

बिग टेनमध्ये आता १८ संघ आहेत. प्रत्येक संघ गटातले नऊ सामने खेळतो. म्हणजे बाकीच्या सतरांपैकी आठ संघांशी त्याची गाठच पडत नाही. एसईसीत १६ संघ आणि २०२५ पर्यंत गटातले फक्त आठ सामने, म्हणजे पंधरांपैकी सात संघ कधी समोरच आले नाहीत. (यंदा २०२६ पासून तेही नऊ खेळणार, चांगलं आहे.) गटातल्या गटात तुलना धड होत नाही, मग गटागटांत कशी करणार? गटाबाहेरचे महत्त्वाचे सामने बहुतेक सप्टेंबरात होतात, संघ तेव्हा जुळलेलेही नसतात. आणि डिसेंबरातल्या बोल सामन्यांना चांगले खेळाडू एनएफएल या व्यावसायिक लीगसाठी स्वतःला जपायला बाहेर बसतात किंवा दुसऱ्या विद्यापीठाकडे निघालेले असतात. २०२३ ला फ्लोरिडा स्टेट १३-० (तेरा विजय, शून्य पराभव) असूनही प्लेऑफमधून, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीतून, वगळलं गेलं. मग ऑरेंज बोलमध्ये त्यांची अर्धी फळी नसताना जॉर्जियाने ६३-३ ने हरवलं. त्या स्कोअरवरून एसीसी आणि एसईसी यांच्याबद्दल काय कळतं? माझ्या मते काहीच नाही.

इंडियानाचं पाहा. २०२३ मध्ये ३-९. २०२५ मध्ये १६-०, रोझ बोलमध्ये अलाबामाला ३८-३. कॉन्फरन्स तीच होती. बदलला प्रशिक्षक, आणि बदलले खेळाडू. संघ दोन वर्षांत असे उलटेपालटे होत असतील तर गटाच्या सात वर्षांच्या जुन्या विजेतेपदांवरून यंदाच्या नवव्या क्रमांकाच्या संघाला प्लेऑफमध्ये जागा का द्यायची? विदर्भाने २०१७-१८ च्या आधी रणजी एकदाही जिंकली नव्हती, आता तीनदा जिंकली आहे. घराणं पाहून संघ निवडले असते तर?

बास्केटबॉलमध्ये तरी तीसच्या आसपास सामने होतात, तिथे गटांची तुलना थोडी अर्थपूर्ण आहे. २०२५ ला एसईसीचे १६ पैकी १४ संघ एनसीएएच्या (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) स्पर्धेत होते आणि फ्लोरिडाने ह्यूस्टनला ६५-६३ ने हरवून ती जिंकली. हे मी निमूट मान्य करतो. पण त्याआधीची सलग दोन वर्षं कोण जिंकलं? यूकॉन (कनेक्टिकट विद्यापीठ), बिग ईस्ट गटामधून. आणि बिग ईस्ट फुटबॉलच खेळत नाही.

अथेन्सकर:

@आकडेमोड, सात विजेतेपदं वेगवेगळ्या चार संघांची आहेत, हे विसरू नका. एकच संघ जिंकत असता तर तुमचं बरोबर. चार संघ आलटून पालटून जिंकतात तेव्हा ती गटाची ताकद असते. दर आठवड्याला तगड्या संघाशी झुंजावं लागतं, राखीव खेळाडूही घासूनपुसून तयार होतात.

जर्सीची आई:

मला फुटबॉलमधलं फार कळत नाही, पण या चर्चेत एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये. माझी मुलगी शाळेत व्हॉलीबॉल खेळते, कॉलेजांच्या प्रशिक्षकांशी बोलणी सुरू आहेत. आम्ही घरात नकाशा घेऊन बसलो होतो. रटगर्स विद्यापीठ न्यू जर्सीत, आणि आता त्याच बिग टेनमध्ये सिॲटल, युजीन, लॉस एंजेलिस. जवळजवळ चार हजार किलोमीटर आणि घड्याळात तीन तास. फुटबॉल संघ आठवड्यातून एकदा, शनिवारी खेळतो, चार्टर विमानाने जातो. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, सॉकर यांचे सामने आठवड्याच्या मधल्या दिवशीही असतात, या मुलींना सोमवारी वर्गात बसायचं असतं, आणि यातल्या बहुतेकींना पुढे खेळातून पोट भरायचं नाही.

टीव्हीचा पैसा फुटबॉलने आणला, कबूल. मग फुटबॉलपुरती वेगळी कॉन्फरन्स करा. बाकीच्या खेळांना जवळच्या विद्यापीठांशी खेळू द्या. यात कुणाची ताकद कमी होते? स्टॅनफर्डकडे देशात सर्वांत जास्त एनसीएए विजेतेपदं आहेत, आणि ती बहुतेक पोहणं, टेनिस, वॉटर पोलो अशा खेळांतली. त्यांच्या मुलांनी आता बॉस्टनला आणि कॅरोलिनाला जाऊन गटाचे सामने खेळायचे. कशासाठी?

बर्कलेवासी:

+१ जर्सीच्या आईंना. "कशासाठी" याचं उत्तर मात्र आम्हाला माहीत आहे: रस्त्यावर यायचं नव्हतं म्हणून. कॅल आणि स्टॅनफर्ड एसीसीच्या टीव्ही कमाईचा पहिली सात वर्षं जेमतेम ३० टक्के वाटा घेणार आहेत. डॅलसच्या एसएमयू विद्यापीठाने तर नऊ वर्षं काहीच घ्यायचं नाही असं मान्य करून प्रवेश मिळवला. हा बळाचा निकाल म्हणायचा का? ज्या फर्नांडो मेंडोसाने हाइझमन (मोसमातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची ट्रॉफी) जिंकली आणि इंडियानाला विजेता केलं, तो २०२४ च्या मोसमात आमच्याकडे क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) होता. पैसा गेला की खेळाडू जातात, खेळाडू गेले की दुबळे म्हणायला सगळे मोकळे.

विलामेटकाठची:

अथेन्सकर, पॅक-१२ च्या कारभाराबद्दल तुमचं जवळजवळ सगळं मान्य. २०२१ चा नकार हा घमेंडीचा निर्णय होता आणि तो घेणाऱ्यांना मी माफ केलेलं नाही. कोलोरॅडोच्या बाबतीतही तुम्ही बरोबर. तेव्हा मला आनंद झाला होता, पलीकडे काय तुटलं याचा विचार केला नाही.

पण यातून सिद्ध काय होतं? अधिकाऱ्यांनी चुका केल्या. कोर्वालिस आणि पुलमन मैदानावर दुबळे होते हे त्यातून सिद्ध होत नाही. बर्कलेवासींनी सांगितलं तो क्रम आम्ही डोळ्यांनी पाहिला. आमचे प्रशिक्षक जोनाथन स्मिथ. ओरेगन स्टेटने नोटर डेमला ४१-९ ने हरवलं तेव्हाचा तोच क्वार्टरबॅक, घरचा माणूस. नोव्हेंबर २०२३ मध्ये मिशिगन स्टेटला गेला. पुलमनहून कॅम वॉर्ड मायामीला गेला आणि २०२५ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये सगळ्यात पहिला निवडला गेला. त्याच्या जागी आलेला जॉन मटीर वर्षभरात ओक्लाहोमाला. आता विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, २०२५-२६ साठी कमाल मर्यादा २.०५ कोटी डॉलर. (खेळाडूंना पैसे मिळावेत, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.) टीव्हीचे पैसेच नसतील तर ही रक्कम कुठून आणायची? आधी पाणी तोडायचं आणि मग पीक वाळलं म्हणून जमीन नापीक ठरवायची, असं चाललंय.

याचं मूळ १९८४ मध्ये आहे. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ असा निकाल दिला आणि टीव्हीचे हक्क एनसीएएच्या हातून सुटले. विद्यापीठांना आपले सामने आपण विकता यायला लागले. निकाल कायद्याने योग्यच असेल. पण तेव्हापासून जो ज्याच्याबरोबर जास्त भावाने विकला जातो तो त्याचा शेजारी.

अथेन्सकर:

पिकाचं उदाहरण लागलं. तरी एक मुद्दा सोडत नाही. ओरेगन बिग टेनमध्ये गेलं आणि पहिल्याच वर्षी अपराजित राहून ती जिंकली. चांगल्या संघाला मोठं मैदान मिळालं तर तो वाढतो. वॉशिंग्टन स्टेटला राखण्यासाठी ओरेगनने लहानच राहायचं, हा न्याय कसा? आणि प्रेक्षक म्हणून सांगतो, ओहायो स्टेट-ओरेगनसारखे सामने आता मोसमाच्या ऐन मध्यात पाहायला मिळतात, पूर्वी त्यासाठी रोझ बोलची वाट पाहावी लागायची.

जर्सीच्या आईंचं मात्र पूर्ण पटलं. फुटबॉल वेगळा काढावा. हे मी आधी बोलायला हवं होतं.

आकडेमोड:

@अथेन्सकर, ओरेगन पॅक-१२ मध्ये तयार झालं आणि बिग टेनमध्ये पहिल्या वर्षी जिंकलं. हा तुमच्यापेक्षा ताईंच्या बाजूचा पुरावा नाही का?

अथेन्सकर:

अर्धा त्यांचा, अर्धा माझा. त्याच वर्षी वॉशिंग्टन बिग टेनमध्ये जेमतेम टिकलं.

विलामेटकाठची:

वॉशिंग्टनचा विषय काढलातच म्हणून सांगते. १४ सप्टेंबर २०२४, सिॲटल. ॲपल कप, वॉशिंग्टन विरुद्ध वॉशिंग्टन स्टेट, १९०० पासूनची चुरस. पूर्वी हा सामना थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला व्हायचा, आता कॉन्फरन्स वेगळ्या म्हणून सप्टेंबरात ढकललाय. एका बाजूला आठ महिन्यांपूर्वीचा राष्ट्रीय उपविजेता, आता बिग टेनचा. दुसऱ्या बाजूला कुणालाच नको असलेला संघ. पुलमनवाल्यांनी २४-१९ ने जिंकला, शेवटी गोल लाइनजवळ अडवून. मान्य, वॉशिंग्टनचा प्रशिक्षक अलाबामाला आणि क्वार्टरबॅक एनएफएलला गेला होता. पण ज्यांच्याशी तुलनाच होऊ शकत नाही असं आम्हाला सांगितलं जात होतं, त्यांच्याशी तुलना झाली, मैदानावर.

जुलै २०२६ मध्ये बॉइझी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट, टेक्सस स्टेट आणि बास्केटबॉलसाठी गोंझागा हे आमच्याबरोबर येत आहेत. नाव पॅक-१२ च. सीझन तिकिटं आम्ही घेतोय. अथेन्सकर, नोव्हेंबरात कोर्वालिसला आलात तर आमच्याकडेच उतरा. पाऊस असेल, जाड जाकीट आणा.